बी-१२ च्या कमतरतेचा रक्तक्षय : घरातल्या माणसावर उपचार करताना पाळायचा क्रम

घरातील एखादी व्यक्ती एक जिना चढून धापा टाकू लागली किंवा तिचा चेहरा पांढुरका दिसू लागला, की आपल्याकडे निदान घरातच होते : रक्त कमी झाले आहे. मग बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. हा तर्क पुष्कळदा बरोबरही ठरतो, कारण लोहाची कमतरता हेच रक्तक्षयाचे सर्वांत मोठे कारण आहे. परंतु अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होताना बी-१२ आणि फोलेट ही दोन जीवनसत्त्वेही लागतात. त्यांपैकी एखादे कमी पडले, तर कितीही लोह दिले तरी हिमोग्लोबिन जागचे हलत नाही. प्रस्तुत लेख या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे आणि त्यातही मुख्यतः बी-१२ विषयी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या रक्ताची तपासणी करून २००६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी आढळले होते, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण त्याहूनही जास्त होते. यातील प्रत्येकाला रक्तक्षय झालेला नसतो. पण ही कमतरता आपल्या घरात असणे मुळीच अपवादात्मक नाही, एवढे यावरून कळते.

या आजारावरील औषध स्वस्त आहे, सहज मिळते आणि परिणामकारक आहे. तरीही रुग्णांचे हाल होतात, ते बहुधा क्रम चुकल्यामुळे. माझ्या आईला थकवा जाणवू लागला, तेव्हा तिला आधी ‘ताकदीची’ पाच इंजेक्शने दिली गेली आणि नंतर तपासणी झाली. साहजिकच बी-१२ चा आकडा मोजपट्टीच्या वरच्या टोकाला गेलेला होता. ‘बी-१२ उत्तम आहे’ असा शेरा मिळाल्यावर तो विषय बंद झाला, आणि तिच्या पायांच्या मुंग्यांचे खरे कारण समजायला पुढे आठ महिने लागले. म्हणून खाली दिलेल्या पायऱ्या शक्यतो त्याच क्रमाने पाळाव्यात.

लक्षणांची नोंद घरीच करावी

थकवा, धाप, छातीत धडधड आणि निस्तेजपणा ही लक्षणे कोणत्याही रक्तक्षयात दिसतात, त्यामुळे त्यांवरून प्रकार ओळखता येत नाही. बी-१२ कडे बोट दाखवणाऱ्या खुणा वेगळ्या आहेत. जीभ गुळगुळीत आणि लालबुंद होते, आणि वर्षानुवर्षे ठेचा खाणाऱ्या माणसाला साधी आमटीही झोंबू लागते. बोटांच्या पेरांवरची, विशेषतः सांध्यांवरची त्वचा काळवंडते. ही खूण आपल्या वर्णाच्या लोकांत बऱ्यापैकी दिसते, पण ती उन्हामुळे किंवा वयामुळे आली असेल असे समजून सोडून दिली जाते. डोळ्यांत किंचित पिवळेपणाही दिसू शकतो, कारण सदोष बनलेल्या रक्तपेशी मज्जेतच फुटतात आणि त्यातून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य वाढते. अशा वेळी काविळीच्या पाल्यामागे धावण्याआधी रक्त तपासावे.

मज्जातंतूंची लक्षणे सर्वांत महत्त्वाची असतात, आणि रक्तक्षय नसतानाही ती येऊ शकतात. दोन्ही पायांच्या तळव्यांना मुंग्या येतात किंवा बधिरपणा जाणवतो. चप्पल पायातून निसटल्याचे कळत नाही. उजेडात नीट चालणारा माणूस रात्री बाथरूमला जाताना भिंतीचा आधार घेतो, किंवा बेसिनपाशी डोळे मिटून चेहऱ्यावर पाणी मारताना त्याचा तोल जातो. पायांकडून मेंदूकडे जाणारी स्थितीची जाणीव क्षीण झालेली असते आणि ती उणीव डोळे भरून काढत असतात, म्हणून हे प्रकार अंधारात किंवा डोळे मिटल्यावर घडतात. विसराळूपणा, चिडचिड आणि उदासीनता हीदेखील बी-१२ ची लक्षणे असू शकतात. ज्येष्ठांच्या बाबतीत ‘वय झाले’ या दोन शब्दांत ती गुंडाळली जातात, हे दुर्दैव. कोणते लक्षण कधी सुरू झाले, हे कागदावर लिहून ठेवावे. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो, कारण मज्जातंतूंचे नुकसान जितके जुने, तितके ते भरून येण्याची शक्यता कमी.

काही परिस्थितींत मात्र नोंदी करत बसू नये. बसल्या जागी धाप लागणे, छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, शौचाला काळी होणे, हिरड्यांतून रक्त येणे, ताप हटत नसणे किंवा चालणे झपाट्याने बिघडणे यांपैकी काहीही असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

औषधाच्या सुईआधी तपासणीची सुई

पहिले इंजेक्शन किंवा पहिली गोळी घेण्यापूर्वी रक्ताचा नमुना दिलेला असावा. रुग्ण आधीपासून बी-कॉम्प्लेक्स, मल्टिव्हिटॅमिन किंवा ‘नसांची गोळी’ घेत असेल, तर त्या स्ट्रिपा डॉक्टरांकडे घेऊन जाव्यात. पायांच्या दुखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत वेदनाशामक औषधाबरोबर मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२ चेच एक रूप, मिसळलेले असते आणि रुग्णाला त्याची कल्पनाही नसते.

सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि सर्व रक्तपेशींची मोजणी, आणि त्यासोबत पेरिफेरल स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, ही तपासणीची सुरुवात आहे. त्याबरोबर बी-१२, फोलेट, फेरिटिन (लोहाचा साठा), क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचे काम), थायरॉइड आणि यकृताच्या तपासण्या डॉक्टर सहसा सांगतात. खर्चाची अडचण असेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. सीबीसी, स्मिअर आणि बी-१२ एवढ्यावरही बरेच काही उलगडते.

रिपोर्ट कसा वाचावा

निदान डॉक्टरांनीच करायचे आहे, परंतु घरातील एकाला तरी रिपोर्ट वाचता आला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढ पुरुषात हिमोग्लोबिन १३, स्त्रीमध्ये १२ आणि गरोदर स्त्रीमध्ये ११ (दुसऱ्या तिमाहीत १०.५) ग्रॅम प्रति डेसिलीटरपेक्षा कमी असेल, तर तो रक्तक्षय समजतात. त्यानंतर एमसीव्ही हा आकडा पाहावा. तो तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान सांगतो आणि साधारण ८० ते १०० च्या दरम्यान असतो. लोह कमी असताना पेशी लहान होतात, तर बी-१२ किंवा फोलेट कमी असताना त्या मोठ्या होतात आणि एमसीव्ही १००च्या पुढे जातो. पेशी फुगण्याचे कारण असे, की या जीवनसत्त्वांशिवाय डीएनए वेळेवर तयार होत नाही. पेशी वाढत राहते, पण विभागली जात नाही.

इथे एक गफलत होते. आपल्याकडे लोह आणि बी-१२ या दोन्हींची कमतरता एकाच व्यक्तीत असणे नेहमीचे आहे. एक कमतरता पेशी लहान करते आणि दुसरी मोठी, त्यामुळे सरासरी नेमकी मधोमध येते आणि एमसीव्ही ‘नॉर्मल’ दिसतो. अशा वेळी आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातील तफावत, वाढलेली असते. स्मिअरमध्ये पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला नेहमीपेक्षा जास्त, म्हणजे पाच-सहा पाकळ्या दिसतात. पॅथॉलॉजिस्टने ‘हायपरसेगमेंटेड न्यूट्रोफिल’ असा शब्द लिहिला असेल, तर एमसीव्ही काहीही असो, बी-१२ आणि फोलेटचा विचार झालाच पाहिजे.

बी-१२ चे प्रमाण २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलीटरपेक्षा कमी असेल, तर कमतरता धरली जाते. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा असतो, आणि त्यात होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड या, बी-१२ कमी पडल्यावर रक्तात वाढणाऱ्या घटकांच्या, तपासण्या निर्णय करायला मदत करतात. होमोसिस्टीनचा नमुना वेळेत वेगळा केला नाही, तर आकडा खोटा वाढतो, म्हणून तो मुख्य लॅबमध्ये सकाळी जाऊन द्यावा. घरी येऊन नेलेला नमुना दुपारपर्यंत बॅगेत फिरू शकतो. लक्षणे स्पष्ट असतील आणि आकडा काठावर असेल, तर अनेक डॉक्टर नमुना घेऊन ठेवतात आणि उपचार लगेच सुरू करतात. हेच शहाणपणाचे आहे, कारण या औषधाचे नुकसान नगण्य आणि उशिराचे नुकसान मोठे असते.

एमसीव्ही वाढण्याची इतर कारणेही आहेत. थायरॉइड मंदावणे, मद्यपान, यकृताचे विकार आणि अस्थिमज्जेचे काही आजार यांतही तो वाढतो. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही कमी असतील तर घाबरून जाऊ नये, कारण तीव्र बी-१२ कमतरतेतही तिन्ही प्रकारच्या पेशी घटतात. मात्र ते प्रकरण घरच्या डॉक्टरांपुरते न ठेवता फिजिशियन किंवा रक्तविकारतज्ज्ञांना दाखवावे.

फोलिक ॲसिड एकटे देऊ नये

फोलेटच्या शोधाचा एक धागा मुंबईत सापडतो. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर भारतात आल्या आणि हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये राहून त्यांनी गरोदर स्त्रियांच्या, विशेषतः कापड गिरण्यांतील गरीब कामगार स्त्रियांच्या, मोठ्या पेशींच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो असे त्यांना आढळले आणि १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फोलेट. आपल्या गिरणगावातील स्त्रियांच्या रक्तातून निघालेली ही गोष्ट आपल्याला शाळेत कोणी सांगत नाही.

धोका असा, की फोलिक ॲसिड, म्हणजे गोळीतले फोलेट, भरपूर दिले तर बी-१२ कमी असतानाही हिमोग्लोबिन काही काळ वाढते, एमसीव्ही खाली येतो आणि सर्वांना वाटते की आजार बरा झाला. मज्जातंतूंचे नुकसान मात्र आतून चालूच राहते, किंबहुना वाढूही शकते. सरकारी योजनेतील लोह आणि फोलिक ॲसिडची गोळी आपल्या जागी योग्य आहे, गरोदरपणात तर आवश्यकच आहे. पण पायांना मुंग्या येणाऱ्या सासऱ्यांना सुनेच्या डब्यातील तीच गोळी ‘रक्तवाढीसाठी’ देत राहणे चूक आहे. दोन्ही जीवनसत्त्वे कमी असतील, तर बी-१२ आधी किंवा सोबत, आणि मगच फोलिक ॲसिड, हा क्रम पाळावा. फोलेटचीच कमतरता सिद्ध झाली असेल, तर डॉक्टर साधारणपणे रोज ५ मिलिग्रॅमपर्यंतची गोळी काही महिने देतात.

कमतरता का झाली, हे शोधावे

अन्नातील बी-१२ प्रथिनांना चिकटलेले असते. जठरातील आम्ल ते मोकळे करते, जठराच्याच पेशींतून स्रवणारा ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’ त्याला धरून पुढे नेतो, आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात ते शोषले जाते. या वाटेवर कुठेही अडथळा आला, तर आहार चांगला असूनही कमतरता होते.

शाकाहार हे उघड कारण आहे. पिढीजात शाकाहारी घरांप्रमाणेच माळ घालून मांसाहार सोडलेल्या माळकरी ज्येष्ठांचाही यात विचार करावा. यकृतात काही वर्षे पुरेल एवढा साठा असतो, त्यामुळे माळ घातल्यानंतर तीन-चार वर्षांनी लक्षणे आली तर त्यांचा संबंध कोणाच्याच लक्षात येत नाही.

औषधे हे दुसरे मोठे कारण आहे. मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी-१२ चे शोषण कमी होते. त्यांच्या पायांना मुंग्या आल्या की दोष साखरेला दिला जातो आणि बी-१२ तपासलेच जात नाही. मधुमेह आणि बी-१२ ची कमतरता यांमुळे होणाऱ्या मुंग्या रुग्णाला सारख्याच जाणवतात, पण त्यांतील बी-१२ ची उणीव पूर्ण भरून काढता येते, म्हणून मेटफॉर्मिन दीर्घकाळ चालू असेल तर वर्षातून एकदा बी-१२ तपासून घेण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या पित्ताच्या गोळ्या जठरातील आम्ल कमी करतात. महिनाभरासाठी लिहून दिलेली अशी गोळी दहा वर्षे दररोज घेणारे लोक आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. यांपैकी कोणतीही गोळी मनाने बंद करू नये. गरज उरली आहे का, एवढे विचारावे.

वयोमानाने जठराचे अस्तर क्षीण होणे, जठर किंवा आतड्याची शस्त्रक्रिया, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया आणि आतड्याच्या शेवटच्या भागाचा क्षयरोग हीदेखील कारणे आहेत. रुग्ण नियमित मासे-मटण खाणारा असेल आणि तरीही बी-१२ तळाशी असेल, तर ‘पर्निशस ॲनिमिया’ या आजाराचा विचार करावा लागतो. यात शरीराची प्रतिकारशक्तीच इंट्रिन्सिक फॅक्टरवर हल्ला करते. त्यासाठी रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी आणि अनेकदा एंडोस्कोपी करतात.

उपचार

रक्तक्षय तीव्र असेल, मज्जातंतूंची लक्षणे असतील किंवा शोषणातच बिघाड असेल, तर इंजेक्शनने सुरुवात करतात. प्रचलित पद्धतींपैकी एक अशी : पहिला आठवडा रोज किंवा दिवसाआड १००० मायक्रोग्रॅम, नंतर महिनाभर आठवड्याला एक, आणि त्यानंतर महिन्याला एक. मज्जातंतूंचा त्रास असेल तर सुरुवातीचा टप्पा लांबवतात. सायनोकोबालामिन, हायड्रॉक्सोकोबालामिन आणि मिथाइलकोबालामिन ही तिन्ही बी-१२ चीच रूपे आहेत. कोणते आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. आपण मात्र वहीत तारखा लिहून ठेवाव्यात, कारण हा उपचार मध्येच सुटतो तो बहुधा चौथ्या-पाचव्या इंजेक्शननंतर, रुग्णाला बरे वाटू लागल्यावर.

त्रास सौम्य असेल आणि कारण आहाराचेच असेल, तर गोळ्याही पुरतात. प्रौढाची दिवसाची गरज जेमतेम २ ते २.५ मायक्रोग्रॅम असताना गोळी १००० मायक्रोग्रॅमची का, असा प्रश्न रास्त आहे. इंट्रिन्सिक फॅक्टरच्या मदतीशिवाय बी-१२ चा सुमारे एक टक्का भागच आपोआप शोषला जातो. १००० मधून १० मिळाले, तरी गरज भागते. बी-कॉम्प्लेक्सच्या नेहमीच्या गोळ्यांत मात्र १५ मायक्रोग्रॅमच्या आसपासच बी-१२ असते. म्हणून स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचावीत. त्याच ठिकाणी पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, किती आहे तेही पाहावे, कारण मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलेल्या बी-६ मुळेच पायांना बधिरपणा येऊ शकतो.

घरातील धर्मनिष्ठ ज्येष्ठ ‘हे औषध मांसापासून करतात’ म्हणून नकार देतात, असे घडते. औषधातील बी-१२ जिवाणूंच्या किण्वनातून तयार केले जाते, प्राण्यांपासून नव्हे. कॅप्सूलच्या जिलेटिनविषयी आक्षेप असेल, तर साधी गोळी मागावी.

पहिले दोन महिने

भूक आणि उत्साह अनेकदा पहिल्या काही दिवसांतच सुधारतात. रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्याने तयार झालेल्या तांबड्या पेशी, आठवडाभरात भराभर वाढतात, साधारण दहा दिवसांनी हिमोग्लोबिन चढू लागते आणि सुमारे आठ आठवड्यांत ते पूर्ववत होते. मुंग्या कमी व्हायला काही महिने लागतात, आणि पहिल्या आठवड्यांत त्या किंचित वाढल्यासारख्याही वाटू शकतात. त्यामुळे औषध थांबवू नये.

रक्तक्षय फार तीव्र असेल तर पहिल्या काही दिवसांत रक्तातील पोटॅशियम घटू शकते, कारण नव्या पेशी ते ओढून घेतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांच्या बाबतीत हे डॉक्टरांच्या लक्षात आणून द्यावे. हिमोग्लोबिन निम्म्यापर्यंत वाढून अडकले, तर बहुधा लोहाचा साठा संपलेला असतो. इतके दिवस पेशीच बनत नसल्याने ती उणीव झाकलेली असते. दोन आठवड्यांनी आणि आठ आठवड्यांनी सीबीसी करणे पुरेसे आहे. बी-१२ चा आकडा पुन्हा पुन्हा मोजण्यात मात्र पैसे घालवू नयेत, कारण उपचारानंतर तो वाढलेलाच दिसणार. या काळात रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा चालू ठेवावा, सुटी पायपुसणी उचलून ठेवावीत आणि बधिर पाय गरम पाण्यात बुडवण्याआधी पाण्याचा अंदाज दुसऱ्याने घ्यावा.

आहारातून काय मिळते आणि काय मिळत नाही

बीट, पालक, खजूर, शेवग्याचा पाला आणि मोडाची कडधान्ये यांत बी-१२ नसते. इडली, आंबील यांसारख्या आंबवलेल्या पदार्थांवर आणि स्पिरुलिनावरही विसंबता येत नाही. पालेभाज्या, चवळी, मटकी आणि हरभरा यांतून फोलेट मात्र चांगले मिळते. भाजी उकळून पाणी ओतून देण्याची सवय तेवढी सोडावी. उसळ आणि पालेभाजी रोज असणाऱ्या घरात फोलेट सहसा कमी पडत नाही.

मांसाहार चालत असेल तर कलेजी, तिसऱ्या आणि बांगडा हे बी-१२ चे उत्तम स्रोत आहेत. अंडे एक खाल्ले तर साधारण अर्धा मायक्रोग्रॅम मिळतो. शाकाहाऱ्यांना दूध, दही, ताक आणि पनीर यांचाच आधार असतो. १०० मिलिलीटर दुधात ०.४ मायक्रोग्रॅमच्या आसपास बी-१२ असते आणि दूध फार वेळ उकळल्यास त्यातील काही नष्ट होते. चहात घातलेले दोन चमचे दूध या हिशेबात धरू नये. फोर्टिफाइड, म्हणजे पोषकद्रव्ये घातलेल्या, तांदळात बी-१२ मिसळलेले असते खरे, परंतु प्रमाण किलोमागे सुमारे १ मायक्रोग्रॅम एवढेच असते. दिवसाला २०० ग्रॅम भात खाल्ला तरी त्यातून ०.२ मायक्रोग्रॅम मिळेल. तो आधार म्हणून ठीक आहे, पण औषध म्हणून नाही. एकदा झालेला रक्तक्षय आहाराने भरून काढण्याचा प्रयत्न करू नये. आधी औषधाने साठा भरावा, आणि आहार पुढच्या देखभालीसाठी ठेवावा.

किती काळ, आणि घरातील इतरांचे काय

कारण कायमचे असेल, म्हणजे पर्निशस ॲनिमिया असेल किंवा जठराची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर उपचारही आयुष्यभर चालतात. शाकाहार चालू राहणार असेल तर कमी मात्रेची गोळी चालू ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. मेटफॉर्मिन सुरू असेपर्यंत हेच लागू पडते.

ज्या स्वयंपाकघरातून रुग्ण जेवतो, त्याच स्वयंपाकघरातून बाकीचेही जेवतात. म्हणून घरातील इतर ज्येष्ठांचे, गरोदर स्त्रीचे आणि अंगावर पाजणाऱ्या आईचे बी-१२ एकदा तपासून घ्यावे. आईकडेच कमी असेल तर दुधातूनही बाळाला ते पुरेसे मिळत नाही. मान धरू लागलेले किंवा हसू-ओळखू लागलेले बाळ मागे पडू लागले, मलूल झाले, त्याची त्वचा काळवंडली किंवा हातापायांना कंप सुटला, तर बालरोगतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जावे आणि आई पूर्ण शाकाहारी असेल, तर ते त्यांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे.